डावा ‘उ’, उजवा ‘तर’

किसनरावांच्या उजव्या गुडघ्यात आता वीस-पंचवीस किका शिल्लक होत्या. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नव्हता. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की येत्या गुरुवारी गुडघा बदलायचा, मग त्या नव्या गुडघ्याने चालायचं, जिना चढायचा, हवं तर एखाद्याच्या वरातीत नाचायचं, पण मोटारसायकलीला किक मारायची नाही. पुन्हा कधीच नाही. बाकीचा हिशेब किसनरावांनी घरी येऊन, ओट्यावर बसून, गुडघा चाचपत स्वतः केला होता.

गाडी दोन सिलिंडरची होती. धाड गावात तिला सगळे थ्री-फिफ्टी म्हणत. सत्याऐंशी साली किसनरावांनी ती चिखलीच्या एका ठेकेदाराकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून भरवणारा जो कार्बोरेटर, तो साध्या गाडीला एक असतो, हिला दोन. म्हणजे एका पंगतीला दोन आचारी, आणि दोघांचा मिठाचा हात वेगळा.

अडतीस वर्षांत या गाडीच्या मागच्या सीटवर युरियाची पोती बसली, दोन तलाठी बसले, एक शेळी बसली, आणि एकदा तर बँडवाल्यांचा मोठा ढोल आणि त्याला मिठी मारलेला ढोलवाला असे दोघं धाडपासून बुलडाण्यापर्यंत बसून गेले. तानुबाई तेवढ्या बसल्या नाहीत.

तसं म्हणायला एकदा बसल्या होत्या. लग्नानंतर पंधरा दिवसांनी. किसनरावांनी नवी कोरी बायको जुन्या गाडीवर बसवली, गॉगल लावला आणि किक मारली. गाडी चालू झाली आणि जागेवर उभी राहून म्हणाली, उतर-उतर-उतर-उतर. तानुबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि घरात गेल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाल्या, “ते उतर म्हणते. नाई म्हणत असन त सांगा.”

किसनराव खात्री करायला बाहेर गेले आणि तिथेच फसले. तोवर आपली गाडी फटफट करते एवढंच त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून तिच्यातून दुसरं काही ऐकूच येईना.

तानुबाई हट्टी होत्या असं नाही. कुणी काही सांगितलं की ते ऐकायचं, एवढाच त्यांचा स्वभाव. नांदुऱ्याजवळ रेल्वेच्या फाटकावर ‘थांबा’ अशी पाटी होती. गाडी निघून गेली, फाटक उघडलं, सगळे पार झाले, पण पाटी अजून थांबाच म्हणत होती म्हणून तानुबाई थांबल्या होत्या. फोनमधली बाई ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणाली की त्या बरोबर अर्ध्या तासाने प्रयत्न करत, मग काम राहिलेलं असो वा नसो, कारण बाई वाट पाहत असणार. अशा माणसाला गाडीने तोंडावर उतर म्हटल्यावर विषयच संपला.

किसनरावांनी मिस्त्री केले. चिखलीच्या मिस्त्रीने गाडी उघडून लावली, तर ती पळ-पळ म्हणायला लागली. तिच्यावर बसण्याआधी तानुबाई खरोखर पळाल्या असत्या, म्हणून त्यांना ऐकवलीच नाही. जालन्याच्या मिस्त्रीने हात लावल्यावर ती वर्षभर अर्ज-अर्ज-अर्ज म्हणत होती. त्या वर्षी किसनरावांनी तहसीलमध्ये चार अर्ज केले आणि चारही मंजूर झाले, पण मूळ काम तसंच राहिलं. मग गाडी आपोआप पुन्हा उतरवर आली.

तेव्हापासून नवराबायको एकाच गावाला दोन वाहनांनी जात. तानुबाई एसटीने, किसनराव गाडीने. तानुबाईंचं माहेर वरवट बकाल, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. किसनराव आधी पोचत आणि स्टँडवर उभे राहत. तानुबाई उतरत त्या शेजारच्या सीटवरच्या बाईच्या गोष्टीसकट. कुणाची मोठी मुलगी कुठे दिली, कुणाच्या दिराने विहिरीत काय टाकलं. पण ती गोष्ट तोवर सांगून झालेली असे. किसनरावांच्या वाट्याला तिचा शेवट येई, तोही घाईत, कारण स्टँडवर माहेरची माणसं उभी असत. अडतीस वर्षांत आपल्या बायकोच्या शेजारी सहाशे-सातशे अनोळखी बायका बसून गेल्या आणि आपण एकदाही नाही, हे किसनरावांना अलीकडे दुखायला लागलं होतं. गुडघ्याच्या जरासं वर, पण त्याचा एक्सरे निघत नव्हता.

येत्या रविवारी वरवट बकालला तानुबाईंच्या भावाच्या, अर्जुनरावांच्या, नातीचं बारसं होतं. गुरुवारी गुडघा. मधे दुसरं काही नव्हतं.

शनिवारी दुपारी किसनराव गाडी घेऊन धम्मशीलाकडे गेले. धाडहून बुलडाण्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टिनाचं शेड आहे, वर तिच्या आईच्या नावाची पाटी, ‘महामाया ऑटो’. धम्मशीला सत्तावीस वर्षांची, आयटीआय शिकलेली. तिच्याकडे ट्रॅक्टरपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं येई, आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी भलतंच सांगे. कालच एक जण सांगून गेला होता की त्याची गाडी फक्त सासुरवाडीच्या रस्त्याला मिसिंग मारते, आचके खाते. तिने तपासलं तर खरं निघालं.

“काय तरास आहे काका?” तिने विचारलं.

“उतर म्हणते.”

धम्मशीला हसली नाही. तिने स्वतः किक मारली, म्हणजे किसनरावांची एक वाचली, आणि मान खाली घालून बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, “डावा उ म्हणते. उजवा तर म्हणते.”

अडतीस वर्षांत कोण काय म्हणतं हे कुणी वेगळं करून सांगितलं नव्हतं. किसनराव शेडमधल्या बाजेवर बसले. “म्हणजे दोघायचं संगनमत आहे?”

“संगनमत असतं त बरं झालं असतं. डाव्याले खायले कमी भेटून राह्यलं, उजवा त्याच्या वाटचं खाऊन राह्यला. उतर असं कोणीच म्हणत नाई काका. डाव्याले इचारलं त तो म्हणन, मी नुसता उ म्हटलं.”

“आन् उजवा?”

“तो म्हणन, मी त अजून बोलूनच राह्यलो, तर, तर, आन् मंधातच हे बाई उतरून गेली.”

तिने दोन्ही कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये बुडवले. तळाशी बारीक लाल माती बसली होती. पेट्रोल सोडणाऱ्या चिमुकल्या जेटच्या भोकांतून तिने तांब्याची एकेक तार ओवून काढली आणि भोकं उजेडाकडे धरून पाहिली. किसनरावांनीही पाहिलं. सुईच्या टोकाएवढ्या भोकात अख्खं आभाळ मावलं होतं, आणि त्यात एक घारही होती. त्यांनी ते भोक जपून परत दिलं.

मग कार्बोरेटर बसवून तिने दोन उदबत्त्या घेतल्या, मसाला खरवडून काड्या सारख्या कापल्या, आणि दोन्हींच्या तोंडात आतल्या झडपेखाली एकेक सरकवून ठेवली. काड्यांची शेपटं बाहेर वर उभी राहिली.

“आता मी मूठ पिळतो,” ती म्हणाली. इकडच्या बोलीत बायकाही करतो-जातोच म्हणतात. “दोन्ही काड्याईनं एकाच वक्ती मान टाकली पाह्यजे. तुमी डोये लावून पाहा.”

तिने मूठ पिळली. उजव्या काडीने मान टाकली. डावी थोडी थांबली, विचार केला, आणि मग टाकली.

“डावी मांगं आहे,” किसनराव म्हणाले.

तिने केबलचा नट पाव फेरा फिरवला. पुन्हा. आणखी पाव. फाल्गुनातली दुपार होती. टिनाचं शेड तापून अधूनमधून एकटंच टक्-टक् बोलत होतं. उन्हाच्या झळांनी रस्ता जमिनीपासून वीतभर वर उचलला गेला होता आणि त्याच्यावरून एक जीप गेली, आत बारा माणसं, टपावर तिघं, सगळी पुढे बघणारी, कुणाच्या तोंडात शब्द नाही, जणू त्यांना ओतून गावोगाव वाटायला चाललं होतं. किसनराव काड्यांकडे पाहत राहिले. काड्या माना टाकत होत्या, उचलत होत्या. कधीतरी त्या दोघी एकदम वाकल्या, पंगतीतल्या दोन म्हाताऱ्या एकाच वेळी पेंगाव्यात तशा, आणि तिसरी मान किसनरावांची होती.

झोप लागली असं त्यांना वाटलं नाही. गाडी चालू झालेली त्यांना ऐकू आली. धम्मशीलाने डॉक्टरी नळी कानाला लावली होती, पुढची चकती काढून टाकलेली. ती एकदा डाव्याच्या तोंडाशी नळी धरी, एकदा उजव्याच्या, आणि दोघांचा श्वास सारखा आहे का ते ऐके. मग बारीक पेचकसाने हवेचा स्क्रू फिरवी.

“एक आटा,” ती कुठूनतरी लांबून म्हणाली.

गाडी म्हणाली, कोण-कोण, कोण-कोण.

“मी आहे, किसन,” किसनराव म्हणाले.

“सव्वा आटा.”

तूर-तूर, तूर-तूर. किसनरावांना आपलं शेत दिसलं. तुरीच्या दोन ओळींमधून एसटी हळूहळू येत होती, पानांना धक्का न लावता. खिडक्यांत बायका होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक गोष्ट होती, कपड्यात गुंडाळलेली. मागच्या खिडकीत तानुबाई, वय वीस, हातात हिरवा चुडा, आणि शेजारची सीट रिकामी. त्या सीटवर हात ठेवून त्यांनी जागा धरून ठेवली होती. किसनराव धावले. दोन्ही गुडघे चांगले होते. पण दार कुठे आहे तेच सापडेना. एसटीला सगळीकडून खिडक्याच होत्या.

“दीड आटा, एक केस कमी.”

गाडी काहीच म्हणाली नाही. दोन ठोक्यांच्या मधली ती फट, ज्यात एवढी वर्षं ‘तर’ येऊन बसत होता, ती मिटली. दोघं एकाच वेळी, एकच, सारखं बोलायला लागले. बस. बस. बस. बस.

किसनरावांनी डोळे उघडले. सावली शेडच्या पार गेली होती. धम्मशीला हात पुसत उभी होती.

“काय म्हणते आता?” तिने विचारलं.

“बस म्हणते.”

“कोनाले?”

घरी निघण्याआधी किसनरावांनी मागची सीट तीनदा पुसली.

रविवारी सकाळी तानुबाई दारात आल्या. अंगावर ठेवणीतलं पातळ, हातात पिशवी, पिशवीत बाळासाठी स्वतः शिवलेली कुंची. किसनरावांनी गाडी दारासमोर आणून ठेवली होती. त्यांनी गुडघ्याला विचारून किक मारली. गाडी एका किकेत चालू झाली.

“ऐक,” ते म्हणाले.

तानुबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि मान तिरपी करून ऐकलं. नीट ऐकलं. घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. किसनराव त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. अडतीस वर्षांत त्या चेहऱ्याकडे त्यांनी इतका वेळ सलग पाहिलं नव्हतं आणि तो छान होता.

“बस म्हणते,” तानुबाई म्हणाल्या.

“हाव. बस म्हणते.”

“चांगलं झालं. आज पह्यल्यांदा माह्या बाजूनं बोलली थे.” तानुबाईंनी पिशवी उचलली. “मंग मी बसनंच जातो कशी. आठची गाडी भेटन. तुमी या मांगून.”

आणि त्या स्टँडकडे चालायला लागल्या. जाता जाता त्यांनी गाडीच्या टाकीवर हात फिरवला, शहाण्या जनावराच्या पाठीवर फिरवतात तसा.

किसनराव तिथेच उभे राहिले. गाडी बस-बस म्हणत होती. त्यांना आता तिच्यात आणखी एक अर्थ ऐकू यायला लागला होता, पुरे झालं या अर्थाचा. त्यांनी गिअर टाकला.

धम्मशीला शेडपुढे झाडत होती. किसनरावांना एकटं पाहून तिने झाडू भिंतीला टेकवला. त्यांनी सगळं सांगितलं.

“एक काम कर,” ते म्हणाले, “इले ‘ये’ म्हणाले लाव.”

“असे शबद मांगून भेटत नाईत काका. हे जुळलं, हेच लय झालं. आता काई हलवाले गेलं की ‘तर’ परत येते.” तिने गाडीभोवती एक फेरी मारली. “काकूचं काई चुकत नाई. गाडी बोलते, त्या ऐकतात. तुमी बोलतीवर काऊन बसवता त्याईले? बंद गाडी काई म्हणत नाई.”

“बंद गाडीवर बसून कुठी जाऊ?”

“राजूरच्या घाटात इंजिन कोनाले लागते? आमचे बाबा बुलडाण्याच्या वरून सायकल सोडत, त खालीच पाय लावत.” ती पुन्हा झाडायला लागली. “ब्रेक नवे टाकले तुमचे काल. त्याच्यासाठी नव्हते टाकले, पण आहेत.”

बुलडाण्याच्या स्टँडवर किसनराव एसटीच्या आधी पोचले. गाडी आली, कंडक्टर दारातून ओरडला, “उतरा, उतरा, शेवटचा स्टॉप.” तानुबाई लगेच उतरल्या. किसनरावांच्या मनात आलं, पाहा, हेही तेच म्हणतात, पण ते बोलले नाहीत. ते म्हणाले, “घाटाच्या तोंडापर्यंत ऑटोनं ये. पुढचं मी पाह्यतो.”

“नांदुऱ्याची गाडी लागून राह्यली तिकडे.”

“पह्यल्यांदा काई मांगून राह्यलो तुले, तानू.”

हे खरं नव्हतं. पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज पहिल्यांदाच आला होता. तानुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक ऑटोवाला म्हणाला, “बसा मावशी,” आणि त्या बसल्या.

गाव संपून जिथे रस्ता खाली वळतो तिथे किसनरावांनी गाडी लावली होती. किल्ली बंद, इंजिन गार व्हायला लागलेलं. दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग आणि मधेमधे पेटलेला पळस. खालची दरी धुक्यात नव्हती, उन्हात होती, तरी दिसत नव्हती. तानुबाई ऑटोतून उतरून आल्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून टाकीला कान लावला. मग डाव्या सिलिंडरला. मग उजव्या.

“काई म्हणत नाई,” त्या म्हणाल्या.

“नाई.”

“झोपली का?”

“हाव,” ते म्हणाले. “झोपली.”

“मंग हळूच बसा,” तानुबाई कुजबुजल्या.

किसनराव चोरासारखे बसले. मागे सीट हलकेच दबली. एवढी वर्षं युरिया, तलाठी आणि ढोल वाहिलेल्या त्या सीटने काहीही आवाज केला नाही. खांद्यावर एक हात आला. त्यांनी ब्रेक सोडला आणि पायाने जमीन एकदाच मागे लोटली.

गाडी सुटली. आधी इतकी हळू की एक वानर बराच वेळ बरोबर चाललं आणि मग कंटाळून थांबलं. मग वाऱ्याने पदर भरला. टायरचा बारीक आवाज होता, तानुबाईंच्या बांगड्यांचा होता, आणि पळसाचं फूल रस्त्यावर पडलं तर तोही येत होता. वळणं आपोआप समोर येऊन बाजूला होत होती. घाट चढणारा एक ट्रक कण्हत वर गेला, त्याच्या ड्रायव्हरने या आवाज नसलेल्या मोटारसायकलीकडे पाहिलं आणि नंतर आपल्या चहाच्या कपाकडे. किसनरावांना वाटलं, आपण कुठेही जात नाही आहोत, फक्त जिल्हा वर वर चालला आहे.

“मऊ आहे,” मागून कुजबुज आली.

“काय?”

“सीट. मले वाटे टोचत असन.”

एक वळण गेलं. मग आणखी एक. मग तानुबाई त्यांच्या कानाजवळ वाकल्या. “आज गाडीत एक बाई होती बाजूले. देऊळघाटची,” त्या म्हणाल्या, अजून कुजबुजतच, गाडी जागी होऊ नये म्हणून. “तिची सून हिवरा आश्रमाकडची. सुनेनं काय करावं?”

किसनरावांच्या पाठीवर काटा आला. गोष्ट ताजी होती. सुरुवातीपासून होती. “काय केलं?”

“सांगतो न.”

घाट संपत आला. राजूरची घरं दिसायला लागली आणि उतार सपाट व्हायला लागला. वेग कमी होत होता, वारा पदरातून निघून जात होता. आणखी शंभर पावलांवर गाडी थांबली असती, आणि थांबलेल्या गाडीला किक लागते. किसनरावांनी आवाज न करता किल्ली फिरवली, दुसरा गिअर टाकला आणि क्लच इतका सावकाश सोडला की त्यांच्या बोटांनाही कळू नये. गाडीने एक आचका दिला आणि उठली, बस-बस म्हणत.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. किसनराव श्वास धरून बसले. राजूरचं पहिलं घर मागे गेलं, मग शाळा, मग गव्हाचं एक पिवळं शेत.

“त सून म्हणते,” तानुबाई म्हणाल्या, आता जरा मोठ्याने, कारण मोठ्याने बोलावं लागत होतं, “आत्याबाई, मी त म्हैस पाह्यलीच नाई.”

“कोनती म्हैस?”

“थांबा न. थेच सांगून राह्यली.”